पेलेल तेच शस्त्र

निवडणूक जाहीर झाली की ग्वाल्हेर-चंबळ भागात परवान्याची शस्त्रे ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. त्या रांगेत आपल्या समाजातील ज्येष्ठ मंडळीही दिसतात. इथे शस्त्र संरक्षणापेक्षा प्रतिष्ठेसाठीच अधिक बाळगले जाते. २००८ मध्ये शिवपुरीच्या प्रशासनाने नसबंदी करून घेणाऱ्यांना शस्त्रपरवान्यात प्राधान्य देऊ केले होते, एवढे सांगितले तरी पुरे! पण साठी-सत्तरीत बोटे आखडली, मनगट दुखू लागले, तर कमरेचे शस्त्र आपल्याला खरोखर चालवता येते का, हे कोणी पाहत नाही.

नव्या शस्त्राचा विचार करणाऱ्या ज्येष्ठांना दुकानदार बहुधा हलक्या वजनाची रिव्हॉल्व्हर दाखवतो. २०१४ मध्ये आलेली ‘निर्भीक’ जेमतेम अर्ध्या किलोची. खिशाला सोयीची खरी, पण काडतूस तेच असेल तर शस्त्र जितके हलके तितका धक्का मनगटाला जास्त. संधिवाताच्या हाताला थोडे वजनदार शस्त्र आणि भरीव मूठच बरी.

पिस्तुलाचे दुखणे वेगळे. पहिली गोळी नळीत घ्यायची तर वरची स्लाइड जोर लावून मागे खेचावी लागते. .३२ बोअरच्या बहुतेक पिस्तुलांत स्लाइडला फक्त स्प्रिंगच आवरून धरते, म्हणून ती कडक असते. शिवाय मनगट ढिले पडले तर पिस्तूल अडकण्याचा धोका. त्यामानाने रिव्हॉल्व्हर सोपी, पण तिचा चाप ओढायला साधारण चार-पाच किलोंचा जोर लागतो. अंगठ्याने घोडा चढवला की चाप हलका होतो हे खरे. पण थरथरत्या हातात चढवलेला घोडा म्हणजे अपघाताला आमंत्रण, आणि गोळी न झाडता तो अलगद खाली उतरवायला अंगठ्यात बळ हवेच.

म्हणून किंमत आणि चकाकी पाहण्याआधी दुकानात रिकामे शस्त्र हातात घ्यावे. दुकानदाराच्या देखरेखीखाली, नकली काडतुसे घालून, घोडा न चढवता एका हाताने दहा वेळा चाप ओढून पाहावा. नेम हलला किंवा बोट थकले, तर ते शस्त्र आपले नव्हे.

कोणतेच पेलत नसेल तर? २०१६ च्या शस्त्र नियमांनी वाट ठेवली आहे. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षे झाली, तर हयातीतच कायदेशीर वारसाच्या नावे परवाना मागता येतो. अर्थात तो वारसही पात्र आणि जबाबदार हवा. लग्नाच्या वरातीत बार काढणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

प्रशासनाकडे आमची मागणी साधी आहे. परवाना आता पाच वर्षांचा असतो. ज्येष्ठांच्या नूतनीकरणाच्या वेळी शस्त्र प्रत्यक्ष हाताळण्याची चाचणी घ्यावी. ज्यांना झेपेल असे दुसरे शस्त्र बदलून हवे आहे, त्यांचे अर्ज लवकर निकाली काढावेत. वैद्यकीय दाखल्यावरच्या सहीने बोटांत बळ येत नाही.

आणि ज्येष्ठांनो, शस्त्र खाली ठेवल्याने घराण्याची शान जात नाही. न पेलणारे शस्त्र झटापटीत हिसकावले गेले, तर मात्र जीवच जातो.