देशोदेशीच्या सख्या : लेफ्काराचं रुखवत

रुखवतात मांडायला म्हणून लग्नाआधी टेबलक्लॉथ नि उशांचे अभ्रे भरले नाहीत, अशी मैत्रीण आपल्यात विरळाच! भूमध्य समुद्रातल्या सायप्रस बेटावर लेफ्कारा नावाचं जुनं गाव आहे. तिथल्या मुलींनीही पिढ्यान् पिढ्या हेच केलं. फरक इतकाच, की त्यांच्या सुईवर अख्खं गाव जगलं.

त्रूदोस पर्वताच्या दक्षिण उतारावर वसलेलं हे गाव. दगडी घरं, लाल कौलं, अरुंद बोळ. वरचं लेफ्कारा नि खालचं लेफ्कारा अशा त्याच्या दोन वाड्या. दुपारी बायका बोळात किंवा आतल्या अंगणात खुर्च्या टाकून बसतात. तोंडाने गप्पा नि हाताने टाके! ही कला निदान चौदाव्या शतकापासूनची. १४८९ मध्ये बेटावर व्हेनिसचं राज्य आलं आणि तिथल्या बड्या घरच्या बायकांच्या भरतकामाची छाप हिच्यावर पडली. लिओनार्डो दा विंची १४८१ मध्ये इथे येऊन मिलानच्या चर्चसाठी एक वस्त्र घेऊन गेला, असं गावकरी अभिमानाने सांगतात. आख्यायिकाच ती, पण गावाला शोभून दिसते खरी.

काम मात्र डोळ्यांची परीक्षा पाहणारं. कापड लिननचं, म्हणजे जवसाच्या धाग्याचं. त्यातले धागे मोजून कापायचे, ओढून काढायचे, उरलेल्यांची जाळी बांधायची. मग भरीव टाके, नि कडेला सुईनेच विणलेली लेस. ‘पोतामोस’ म्हणजे नदी, हा नागमोडी नमुना तर त्यांचा लाडका. आई किंवा आजीजवळ बसून मुलगी वर्षानुवर्षं शिकते, तेव्हा कुठे हात बसतो.

आणि विकायचं कुणी? पुरुषांनी! गावातले व्यापारी गाठोडी घेऊन युरोपभर हिंडायचे. भरणारी मात्र अंगणातच. माल कोणत्या देशात, किती भावाला गेला, हे तिच्या कानावर किती येत असेल, कोण जाणे. आपल्याकडे घरबसल्या भरतकाम करून देणाऱ्या बायकांना हे वेगळं सांगायला नको.

२००९ मध्ये युनेस्कोने या कलेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. मान मिळाला, पण मुली शहरात नोकऱ्या धरू लागल्या. एका मोठ्या टेबलक्लॉथला महिनोन् महिने घालवायचे कुणी? त्यात यंत्रावरचा परदेशी माल ‘हातचा’ म्हणून स्वस्तात विकला जातो. खऱ्या कारागिणीच्या पोटावर पाय येतो तो असा.

तेव्हा हातचं भरतकाम, मग ते कुठलंही असो, घेताना कापड उलटून पाहा. लेफ्काराचं काम दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं. लोंबणारे दोरे, गाठी दिसल्या तर शंका घ्यावी. असं जाळीकाम घरी असेल तर पिळू नका बरं का! सौम्य साबणात बुचकळून सावलीत आडवं पसरा आणि जरा ओलसर असतानाच इस्त्री फिरवा.