शेवटचं पान कानात नसतं

रहस्यकथा हातात घेतली की आधी शेवटचं पान उघडून खुनी कोण ते बघणारे किती जण आहेत? हात वर करा. आमचा वर आहे.

अगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ ही १९२६ची कादंबरी आम्ही कॉलेजात अशीच वाया घालवली. चाळिसाव्या पानावर धीर सुटला, शेवट बघितला आणि झालं! त्या शेवटाने जगभरच्या वाचकांना जो धक्का दिला, तो आम्हाला कधी बसलाच नाही. तो परत मिळतही नाही.

ऑडिओबुकमध्ये ही चोरी जमत नाही. तसं बोट सरकवून शेवटाला जाता येतं म्हणा, पण तिथे कोण कुणाला काय म्हणतंय याचा पत्ता लागेपर्यंत स्टेशन येतं. मग गपचूप ऐकत राहायचं. निवृत्त होऊन भोपळे पिकवणारा हर्क्युल पॉयरो वैतागून एक भोपळा कुंपणापलीकडे भिरकावतो, तिथपासून. ही कादंबरी वाचलीय ह्यू फ्रेझरने, म्हणजे टीव्हीवरच्या ‘पॉयरो’ मालिकेतल्या कॅप्टन हेस्टिंग्जने. आवाज अगदी शांत, कुठेही नाटकीपणा नाही.

‘ऐकणं म्हणजे काय वाचणं झालं का?’ असं नाक मुरडणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ब्रिटनमध्ये अंधांसाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने १९३५मध्ये बोलकी पुस्तकं सुरू केली. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेले सैनिक त्यामागे डोळ्यांसमोर होते. अगदी पहिल्या पुस्तकांत हीच कादंबरी होती! ग्रामोफोनच्या तबकडीची एक बाजू साधारण २५ मिनिटांची, एका कादंबरीला दहाएक तबकड्या. ऐन रंगात आल्यावर उठायचं, तबकडी उलटायची, पुन्हा बसायचं. आणि आपण काय करतो? दीडपट स्पीड लावतो. रहस्यकथेला तरी तो लावू नका राव. ख्रिस्तीबाई पुरावा अर्ध्या वाक्यात ठेवून पुढे जातात. तेवढ्यात ‘अगला स्टेशन’ची घोषणा झाली की गेला तो.

एक अडचण मात्र खरी. कोण किती वाजता कुठे होतं, हे बघायला मागचं पान उलटता येत नाही. आम्ही तिकिटाच्या मागे नावं लिहून ठेवतो. हसा खुशाल.

आमच्या टीममधल्या एकीने मागच्या आठवड्यात हे पुस्तक संपवलं. शेवटची वीस मिनिटं उरली होती, गाडी दादरला थांबली आणि ही उठलीच नाही. थेट सीएसएमटी. मीटिंगला पाऊण तास उशिरा आली, बोलणी खाल्ली, तरी चेहऱ्यावर तोच धक्का. आम्ही तिच्याकडे बघत होतो. जाम हेवा वाटला.