लाइटीने नव्हे, आपण घालवला

परळी वैजनाथच्या औष्णिक केंद्रात 1971 पासून वीज तयार होते. राख अंगावर घेऊन राज्याला उजेड देणाऱ्या याच बीड जिल्ह्यात शाळेचा संगणक वर्षभरात बंद पडतो, चादरीखाली जातो आणि आपण म्हणतो, "लाइटीने घालवला." खोटं आहे हे. तो आपण घालवला.

घेताना आपण काय पाहिलं? पडदा केवढा आणि नारळ फोडायला कोण येणार, एवढंच. ज्याच्या जिवावर सगळं यंत्र चालतं, तो एसएमपीएस कोणी पाहिला नाही. भिंतीतली 230 व्होल्टची वीज तो 12, 5 आणि 3.3 व्होल्टवर आणतो. विकणारा पैसे वाचवतो ते इथेच. 450 वॅटचं लेबल कशावरही चिकटवता येतं. मल्टीमीटरला फसवता येत नाही. जाणत्या माणसाकडून संगणक कामाला लावूनच मोजून घ्या, कारण ओझं नसताना रद्दी मालही चांगले आकडे दाखवतो. पिवळ्या तारेवर 11.4 ते 12.6, लाल तारेवर 4.75 ते 5.25. आकडा याच्या बाहेर गेला तर माल परत करा. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब राहतो.

आणि अर्थिंग? आपली जमीन उन्हाळ्यात भेगाळते, कोरड्या मातीत अर्थिंग निकामी होतं. मग संगणकाला हात लावला की मुंग्या येतात आणि पोरं म्हणतात, "सर, करंट मारतोय." दसऱ्याला त्याच संगणकाला आपण झेंडूची माळ घालतो. अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायला मात्र कोणाला सवड नाही. पूजा केली की जबाबदारी संपली, ही आपली जुनी खोड आहे, आणि तिची किंमत लेकरं मोजतात.

कोणाची लेकरं? ज्यांच्या घरी लॅपटॉप आहे त्यांची नव्हे. जिचे आईबाप कोयता घेऊन कारखान्यावर गेलेत आणि जी आजीजवळ राहून शिकते, त्या पोरीला शाळेतला संगणक हा एकच. तो बंद ठेवणं म्हणजे तिच्या हक्कावर दरोडा आहे. विकणाऱ्याने फसवलं, हे खरं; पण न तपासता सही आपण केली.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण जागा पालकांना दिल्या आहेत. पुढच्या बैठकीला मल्टीमीटर घेऊन जा. ती चादर काढायला लावा आणि आकडा सर्वांदेखत इतिवृत्तात लिहून घ्या.