वाड्याचे गुपित आणि तलावाचा गाळ

पडका वाडा, कुलूपबंद खोली, तिजोरीतले दागिने, पूर्वजाचे झाकलेले पाप : एवढी सामग्री जमली की मराठी मध्यमवर्गीय वाचकाचा कंठ दाटून येतो. आमच्या कार्यकर्त्यांचाही येतो, हे कबूल केले पाहिजे! या वाङ्मयाचा मानदंड म्हणजे महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’. विजया मेहता यांनी ते १९८५ मध्ये रंगभूमीवर आणले. ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ यांच्यासह त्याची नाट्यत्रयी १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी सादर केली. ते नाटक आहे, कादंबरी नव्हे. परंतु वाड्याच्या कादंबऱ्या निराशा का करतात, हे दुबळ्या कृतीवरून नव्हे, तर या समर्थ कृतीवरूनच तपासणे न्यायाचे.

अंगणात गंजणारा ट्रॅक्टर, शिक्षणाची वाट अडवली गेलेली प्रभा, शिकवणीच्या मास्तराबरोबर दागिने घेऊन पळणारी रंजू : सरंजामी घर आतून कसे कुजते हे इतक्या निर्दयपणे क्वचितच कोणी दाखवले असेल. परंतु रंगमंचावर वावरते ते देशपांडे कुटुंबच. ज्यांच्या घामावर चिऱ्यावर चिरा चढला ते दाराबाहेरच राहिले. दागिने कोणी नेले हे कळते. ते आले कोठून, हे कोणी विचारीत नाही.

चांद्याकडच्या वाचकाने तरी ते विचारावे. १८६० नंतरच्या दशकात इंग्रजांनी मध्य प्रांतात जमीनबंदोबस्त केला आणि ज्यांचे काम सारा गोळा करून भरण्याचे, त्यांनाच गावाचे मालक ठरविले. काल वसूलदार होता तो आज मालगुजार झाला, आणि पिढ्यान्‌पिढ्या कसणारे बहुतेक त्याची कुळे झाले. घराण्याचे खरे गुपित हे आहे, आणि ते तिजोरीत नसून सरकारी दप्तरात उघडे पडले आहे. १९५० च्या कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून ही मालकी संपली. सीर आणि खुदकास्त जमिनी मात्र मालगुजारांकडेच राहिल्या. वाडेही राहिले.

दुसऱ्या नाटकाच्या नावातच तळे आहे. तेथे तरुण पिढी काठावर बसून अंतर्मुख होते. नागभीड-सिंदेवाहीच्या पट्ट्यात तळे म्हणजे मामा तलाव, माजी मालगुजारी तलाव. गोंड राजवटीपासून कोहळी आणि इतर कष्टकऱ्यांनी ते बांधले, त्यांच्या पाण्यावर धानाच्या बांध्या पिकल्या. मालगुजारी आली तेव्हा त्यांना मालगुजाराचे नाव चिकटले, ती गेली तेव्हा ते सरकारजमा झाले. बांधणाऱ्याचे नाव कधीच लागले नाही. गाळ तेवढा साचत राहिला.

कोणी म्हणेल, साहित्य म्हणजे सातबारा नव्हे. मान्य. पण चेखव्हचे ‘चेरी ऑर्चर्ड’ १९०४ मध्ये रंगभूमीवर आले, तेही पडत्या घराण्याचेच नाटक. तेथे ज्या इस्टेटीवर बाप-आजे भूदास होते ती विकत घेणारा लोपाखिन रंगमंचाच्या मध्यभागी उभा आहे. त्याच्यामुळे चेखव्हची कला उणावली असे आजवर कोणी म्हटलेले नाही. आमच्या वाड्यांत लोपाखिन नाही, कूळ नाही, पाणी भरणारी बाईदेखील नाही. अभ्यासमंडळात पुढची वाड्याची कादंबरी चर्चेला येईल तेव्हा आधी त्या बाईचा पत्ता विचारा.