दिवाणखान्यांतला समुद्र

पाणी पाहत बसण्याची हौस मनुष्यास फार जुनी आहे. नदीचा घाट, देवळापुढील पुष्करिणी, आणि तेंहि नसेल तर परसांतील हौदांत सोडलेले चार मासे. ह्यांपैकीं कांहीं ना कांहीं प्रत्येक पिढीनें आपल्या डोळ्यांच्या विश्रांतीसाठीं ठेविलेलें आहे. अलीकडे ह्या हौसेनें बरीच मोठी उडी घेतली आहे. आमच्या नंदुरबारसारख्या, मिरचीच्या पथाऱ्यांसाठीं प्रसिद्ध असलेल्या गांवांतहि, नवें घर बांधणारीं तरुण मंडळी दिवाणखान्याच्या एका भिंतीस सहा फूट लांबीची कांचेची टाकी बसवून तींत खारें पाणी, जिवंत पोवळीं आणि रंगीबेरंगी मासे ह्यांचें एक लहानसें समुद्रतळच उभें करण्याचे बेत करूं लागलीं आहेत. अशाच एका परिचित कुटुंबानें ह्याविषयीं आमचें मत विचारिलें. विषय अनेकांच्या उपयोगाचा असल्यामुळें ह्या महिन्याचें पान त्यासच देत आहों.

प्रथम भूगोल पाहूं. आमच्या गांवाचा समुद्राशीं संबंध काय तो तापीचा. प्रकाशें येथील घाटाखालून गेलेलें पाणी उकाईच्या धरणांतून पुढें सुरतेजवळ खंबायतच्या आखातास मिळतें. तें अंतर सरळ रेषेंत दीडशें किलोमीटरांच्या आंतबाहेर आहे. पण सुरतेच्या किनाऱ्यावर जाऊन कोणी पोवळीं शोधूं लागेल तर त्याच्या हातीं गाळच येईल. तापी, नर्मदा, मही, साबरमती ह्या नद्या त्या आखातांत गाळ आणि गोडें पाणी सारखें ओतीत असतात. आणि पोवळ्यांस तर निर्मळ, ऊबदार, पुरतें खारें व सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोंचेल असें पाणी लागतें. त्यासाठीं कच्छच्या आखातांत जामनगरकडे, कोंकणांत मालवणकडे, अथवा लक्षद्वीप, अंदमान व मन्नारचें आखात येथें जावें लागतें. म्हणजे जें समुद्राचें वैभव खुद्द सुरतेस लाभलें नाहीं, तें नंदुरबारच्या दिवाणखान्यांत आणावयाचें आहे. मुंबईस १९५१ सालीं तारापोरवाला मत्स्यालय उघडलें तें समुद्राच्या कांठावर. घरगुती टाकींत जिवंत पोवळीं ठेवण्याची रीत ज्यांनीं १९६१ सालीं लेख लिहून लोकांपुढें मांडिली, ते ली चिन एंग हे गृहस्थ जकार्ताचे, म्हणजे तेहि समुद्रकांठचेच. आपणांपाशीं समुद्र नाहीं. तो हातानें करावा लागणार.

आतां पोवळें म्हणजे काय तें समजून घेतलें पाहिजे. संस्कृतांत ‘प्रवाल’ शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक पोवळें, आणि दुसरा झाडाची कोवळी पालवी. ‘विद्रुम’ ह्या दुसऱ्या नांवांतहि द्रुम, म्हणजे झाड, आहेच. युरोपांतील विद्वानहि अठराव्या शतकापर्यंत पोवळ्यास वनस्पतीच मानीत. पेसोनेल नांवाच्या फ्रेंच वैद्यानें १७२० च्या सुमारास समुद्रकांठीं निरीक्षण करून हा प्राणी आहे असें सांगितलें, तेव्हां त्याचें म्हणणें कोणीं मनावर घेतलें नाहीं. तें मान्य होण्यास बरींच वर्षें गेलीं. अंगठींत बसवितात तें तांबडें पोवळें बहुधा भूमध्य समुद्रांतील, अंधुक प्रकाशाच्या खोल पाण्यांतलें. ज्यांच्यापासून समुद्रांत भिंती व बेटें बनतात तीं पोवळीं निराळीं. मोहरीएवढ्या किंवा थोड्या मोठ्या असंख्य प्राण्यांची ती वसाहत असते. प्रत्येक जण पाण्यांतील चुना घेऊन आपल्यापुरतें घर बांधतो. ह्या प्राण्यांच्या शरीरांत सूक्ष्म शेवाळ वास करितें, उन्हांत अन्न तयार करितें आणि त्यांतील मोठा वांटा यजमानास देतें. यजमान त्यास आसरा देतो. तेव्हां पोवळ्यास झाड समजणारे आमचे पूर्वज अगदींच चुकले होते असें नाहीं. झाड नसलें तरी झाडासारखा भाडेकरी पोटांत आहे.

हा सहवास ध्यानांत घेतला म्हणजे टाकीचा सारा खटाटोप कळूं लागतो. शेवाळास उजेड हवा, म्हणून छतास प्रखर दिवे. प्राण्यास चुना हवा, म्हणून पाण्यांत तो सारखा पुरवावयाचा. आणि दोघांसहि समुद्राचें पाणी हवें. येथें पुष्कळांची समजूत अशी असते कीं नळाच्या पाण्यांत मीठ विरघळविलें कीं काम झालें. पण मिठानें पाणी खारट होतें, समुद्र होत नाहीं. समुद्राच्या एका लिटरांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांतील तीनचतुर्थांशाहून थोडा अधिक भाग आपल्या जेवणांतल्या मिठाचा, आणि बाकीच्यांत मॅग्नेशियम, गंधकाचे क्षार, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादि असतात. ह्या ‘बाकीच्यां’वरच पोवळ्यांचें जगणें अवलंबून असतें. म्हणून त्या प्रमाणांत बनविलेलें खास मीठ विकत घ्यावें लागतें. आपल्या विंधणविहिरींचें जड पाणीहि उपयोगी नाहीं, आर. ओ. यंत्रांतून काढलेलें शुद्ध पाणी लागतें.

शाळामास्तराच्या संवयीनें थोडा हिशेब मांडतों. टाकी सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच धरूं. चोवीस घनफूट, म्हणजे सुमारें ६८० लिटर पाणी. त्यास जवळजवळ २४ किलो क्षार. पाण्याचेंच वजन ७०० किलोंच्या घरांत, आणि कांच, दगड, वाळू व खालचा घोडा मिळून एक टनाच्या आसपास. म्हणून ती तळमजल्यावरच असावी. वरच्या मजल्यावर ठेवावयाची तर आधीं इंजिनीयरास विचारावें. दर पंधरवड्यास दहावा हिस्सा पाणी बदलावयाचें, म्हणजे सुमारें ६८ लिटर. आर. ओ. यंत्र एक लिटर शुद्ध पाणी देतांना बहुधा दोन-तीन लिटर बाहेर टाकतें. शिवाय वाफ होऊन उडतें तें गोडें पाणी, क्षार मागें राहतात. ती रोजची तूट खाऱ्या पाण्यानें नव्हे, शुद्ध गोड्या पाण्यानें भरावयाची. आपल्याच जिल्ह्यांत सातपुड्याच्या पाड्यांवरील बायकांस उन्हाळ्यांत हंडाभर पाण्यासाठीं डोंगर चढावा-उतरावा लागतो, ही गोष्ट असा हिशेब करतांना विसरतां येत नाहीं. निदान यंत्रानें टाकलेलें पाणी फरशी पुसण्यास व बागेस द्यावें.

पाणी तयार झालें, दगड मांडले, दिवे लागले, म्हणजे मंडळींस मासे सोडण्याची घाई होते. आणि बहुतेक टाक्या येथेंच नासतात. माशांची विष्ठा व उरलेलें अन्न ह्यांपासून अमोनिया होतो आणि तो विष आहे. एक प्रकारचे सूक्ष्म जंतू त्याचें नायट्राइट करितात, तेंहि घातकच; दुसरे त्याचें नायट्रेट करितात, तें पुष्कळ सौम्य. ह्या जंतूंची वस्ती दगडांवर व वाळूंत नीट बसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. घरांतील बायकांस ही गोष्ट चटकन् कळते, कारण विरजण लागल्याशिवाय दुधाचें दहीं होत नाहीं, आणि घाईनें भांडें हालवीत राहिलें तर मुळींच होत नाहीं, हें त्या रोज पाहतात. तेव्हां महिना-दीड महिना रिकाम्या पाण्याकडे पाहत बसण्याची ज्याची तयारी नाहीं, त्यानें ह्या वाटेस जाऊं नये.

त्याहून कठीण प्रश्न उन्हाचा. पोवळ्यांस साधारण २४ ते २७ अंशांचें पाणी मानवतें. आमच्याकडे वैशाखांत पारा ४० च्या वर जातो. पाणी कांहीं दिवस फार तापलें कीं पोवळें आपल्या पोटांतील शेवाळ बाहेर टाकतें, पांढरें पडतें, आणि वेळींच गारवा न मिळाल्यास उपाशीं मरतें. १९९८ सालीं समुद्र तापला तेव्हां लक्षद्वीपच्या पोवळ्यांची हीच दशा झाली. तेथें समुद्रास जें झालें तें येथें एका दुपारच्या भारनियमनानें होऊं शकतें. म्हणून पाणी थंड ठेवणारें चिलर पाहिजे, पाण्यास सारखा प्रवाह देणारे पंप पाहिजेत, आणि वीज गेली तर तेवढें तरी चालेल असा इन्व्हर्टर पाहिजे. पंप थांबले तर पाण्यांतील प्राणवायु हळूहळू संपतो, आणि गच्च भरलेल्या टाकींत कांहीं तासांतच मासे तळमळूं लागतात. अशा घरानें लग्नकार्यास किंवा यात्रेस जातांना टाकी कोणाच्या हवालीं करावयाची हें आधीं ठरविलें पाहिजे. कुलूप लावून निघून जाण्याची सोय संपते.

स्वयंपाकघराचीहि एक गोष्ट स्पष्ट बोललेली बरी. ह्यांतील बहुतेक मासे केवळ कोरड्या दाण्यांवर चांगले राहत नाहींत. त्यांस बर्फांत गोठविलेली बारीक कोळंबी द्यावी लागते, आणि ती घरच्या फ्रीजमध्यें, दूध-लोण्याच्या शेजारीं ठेवण्याचा प्रसंग येतो. आमच्यासारख्या घरांत ह्यावरून सासूबाई आणि सूनबाई ह्यांमध्यें जें होईल तें टाकीच्या पाण्याहूनहि खारट होईल. निराळा लहान फ्रीज घेणें हा एक मार्ग. पण घरांतील वडील माणसांस न विचारतां हा संसार मांडूं नये, हें उत्तम.

येथवर खर्च आणि श्रम ह्यांचाच विचार झाला. ज्यास दोन्ही परवडतात त्यानेंहि पुढील गोष्ट लक्ष देऊन ऐकावी. समुद्रप्राणी कांचेंत ठेवण्याचें वेड पहिल्यानें इंग्लंडांत पसरलें. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत १८५३ सालीं मत्स्यगृह उघडलें. त्याच्या उभारणींत फिलिप गॉस ह्या निसर्गशास्त्रज्ञाचा हात होता. पुढल्याच वर्षीं त्यानें ह्या विषयावर सुंदर ग्रंथ लिहिला. त्याची इच्छा लोकांनीं ईश्वराची सृष्टि जवळून पाहावी एवढीच होती. परंतु ग्रंथ वाचून हौशी लोक टोपल्या घेऊन किनाऱ्यावर लोटले, आणि खडकांतील डबक्यांत जें जें जिवंत होतें तें तें खरवडून घेऊन गेले. गॉसचा मुलगा एडमंड ह्यानें १९०७ सालीं आत्मचरित्रांत लिहून ठेविलें कीं, बाळपणीं पाहिलेलीं तीं फुललेलीं डबकीं उजाड झालीं. ज्या माणसानें त्या जीवांवर प्रेम करण्यास शिकविलें, त्याच्याच शिष्यांनीं ते संपविले.

आपल्या देशांत ही पाळी येऊं नये म्हणून कायदा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचींत, म्हणजे ज्या यादींत वाघ आहे तींत, २००१ सालीं भिंती बांधणाऱ्या पोवळ्यांचा समावेश झाला. त्या अनुसूचींतील प्राणी धरणें वा विकणें ह्यास तीन वर्षांहून कमी नाहीं अशा कारावासाची तरतूद आहे. हा कायदा केवळ कागदावरचा नव्हे. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामांत हाजीअली व वरळी येथें खडकांवर पोवळ्यांच्या १८ वसाहती आढळल्या, तेव्हां महापालिकेसारख्या संस्थेसहि वनखात्याची परवानगी काढावी लागली. आणि २०२० सालीं गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मार्गदर्शनाखालीं त्या जपून हलविण्यांत आल्या. अठरा वसाहतींसाठीं एवढी खटपट जेथें झाली, तेथें कोणी विक्रेता पिशवींतून ओलें पोवळें काढून ‘साहेब, स्वस्तांत देतों’ असें म्हणेल, तर तो आपणांस वाघाचें पिल्लूंच विकत आहे असें समजावें. परदेशांत वाढविलेलीं म्हणून जीं दाखविलीं जातात, त्यांचाहि व्यापार आंतरराष्ट्रीय करारानें नियंत्रित आहे. कायदेशीर आयातीचे कागद डोळ्यांनीं पाहिल्याशिवाय तीं घेऊं नयेत. समुद्रांतून उचललेले ‘जिवंत दगड’ हाहि त्याच मार्गाचा माल. त्यांवर पोवळें असतें आणि अनेक प्राण्यांचीं घरें असतात.

मग हौसेचें काय करावें? आमचें मत असें आहे. टाकी खाऱ्या पाण्याची करावयाचीच असेल तर पोवळ्यांवांचून करावी. कोरडे, निर्जीव दगड घेऊन त्यांवर जंतूंची वस्ती धीरानें बसवावी, आणि बंदिस्त पाण्यांत उपजविलेले मासेच आणावे. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा विदूषक मासा, २००३ सालच्या अमेरिकन बोलपटामुळें मुलें ज्यास निमो म्हणतात, तो असा उपजवितां येतो; कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें त्याचें तंत्र बसविलेलें आहे, आणि आपल्या राज्यांत ऐरोली येथेंहि त्याची पैदास झालेली आहे. त्यास समुद्रफुलाची गरज नसते. एखाद्या दगडाच्या आडोशास तो सुखानें राहतो. अशी टाकी वर्षभर, एक उन्हाळा आणि एक लग्नसराई धरून, निर्विघ्न चालविली म्हणजे घरांतील माणसांस आपल्या धीराचें माप कळेल.

आणि जिवंत पोवळीं पाहावयाचीं असतील तर तीं जेथें आहेत तेथें जावें. जामनगरजवळ नरारा येथें, १९८२ सालीं स्थापन झालेल्या सागरी राष्ट्रीय उद्यानांत, हिंवाळ्यांतील ओहोटीच्या वेळीं परवानगी व वाटाड्या घेऊन घोट्याएवढ्या पाण्यांतून चालतां येतें. मुलांस बरोबर न्यावें, हात न लावतां वांकून पाहण्यास शिकवावें, आणि भरती येण्यापूर्वीं परतावें. ह्या सहलीस लागणारा खर्च एका चिलरच्या किंमतीपुढें कांहींच नाहीं. ज्या कुटुंबानें आम्हांस विचारिलें त्यांसहि आम्हीं हेंच सुचविलें आहे कीं, टाकीची वर्दी देण्यापूर्वीं येत्या मार्गशीर्षांत एकवार नराऱ्यास जाऊन यावें, आणि मग काय तें ठरवावें.