आधी भांडे उचला, मग स्टेथॉस्कोप!

नरकचतुर्दशीला आपण कारीट फोडतो आणि मगच फराळाला बसतो. वाचकहो, या अंकातले माझे कारीट हे असे आहे: ज्याने रोग्याचे भांडे उचलले नाही, त्याला डॉक्टर म्हणू नये!

जर्मनीत तसा नियमच आहे. वैद्यकीच्या विद्यार्थ्याला पहिल्या मोठ्या परीक्षेआधी ३ महिने रुग्णालयात शुश्रूषा करावी लागते. शिक्षण सुरू होण्याआधी, नाहीतर कॉलेजच्या सुटीत. तिथे तो औषध लिहीत नाही. परिचारिकेच्या हाताखाली अंथरूण बदलतो, घास भरवतो, म्हाताऱ्याला अंग पुसून देतो. परीक्षेनंतर डॉक्टरांच्या हाताखाली ४ महिन्यांची उमेदवारी निराळीच.

कोणी म्हणेल, ही तर वेठबिगारी! नुसती फरशी पुसायला लावली तर ती वेठच. म्हणून परिचारिकेने शिकवले पाहिजे आणि मुलाला पोटापुरते मिळाले पाहिजे. पण वेठीच्या भयाने सेवाच नको, हा कुठला न्याय?

आपल्याकडे एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षे आणि मग १ वर्षाची सक्तीची इंटर्नशिप. २०१९ च्या अभ्यासक्रमाने पहिल्याच वर्षी रोग्याशी गाठ घालून दिली, हे उत्तम झाले. पण ओळख वेगळी, सेवा वेगळी. अंथरूण ओले झाले की वॉर्डात हाक जाते ती मावशीला, नाहीतर मामाला. नाती किती गोड! पण त्याच मावशीचे काम आपल्या लेकराने एक दिवस करावे म्हटले, की आपला जीव खाली-वर होतो. घाणीला हात कोणी लावायचा, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या जातीवर ठरवले. ती जात चपलेसारखी वॉर्डाबाहेर राहत नाही.

ज्याने पाठीखाली हात घालून रोग्याला कुशीवर वळवले आहे, त्याला पाठीची जखम वेळेवर दिसते. ज्याने घास भरवला आहे, त्याला ‘जेवणानंतर १ गोळी’ असे लिहिताना जेवण जाते का, हे विचारावेसे वाटते. हे पुस्तकात वाचून हाताला येत नाही.

मी शाळामास्तर, कादंबऱ्या लिहिणारा. मला वैद्यक काय कळते, असे डॉक्टरमंडळी म्हणतील. पण खाटेवर कधीतरी आपण सारेच पडणार, आणि खाटेवरच्या माणसाला बोलण्याचा हक्क आहे. म्हणून मागणी एवढीच: पहिल्या वर्षानंतर निदान १ महिना शुश्रूषा सक्तीची करा, आणि मूल पास की नापास, हे त्या वॉर्डातल्या सिस्टरला ठरवू द्या. आईबापांनो, त्या वेळी चिठ्ठीचपाटी घेऊन मध्ये पडू नका!