फराळाच्या ताटाशेजारी एक कोडे

गणितात गुण कमी पडले की घरात एक वाक्य हमखास ऐकू येते : "याचे डोकेच गणितात चालत नाही!" मूल ते ऐकते, खरे मानते आणि पुढच्या वेळी उदाहरण वाचण्याआधीच पेन्सिल खाली ठेवते. शिकवणी लावून रीत येईल. गेलेला धीर कसा यावा? त्याला स्वतः काही शोधून काढल्याचा अनुभवच हवा.

देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांना १९४९ साली एक गंमत सापडली. कोणतेही चार आकडे घ्या. सगळे सारखे मात्र नकोत. त्यांची मोठ्यात मोठी संख्या मांडा, तीतून लहानात लहान वजा करा. बाकीचे पुन्हा तसेच. तीनच आकडे उरले, तर पुढे शून्य मांडा. ३, ५, २, ४ घेऊ : ५४३२ वजा २३४५, बाकी ३०८७. ८७३० वजा ०३७८, बाकी ८३५२. ८५३२ वजा २३५८, बाकी ६१७४. आणखी एकदा : ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४च! आकडे कोणतेही असोत, फार तर सात वजाबाक्यांत गाडी याच स्थानकावर येते.

सुटीत मुलांपुढे हे कोडे टाका. ६१७४ मात्र सांगू नका. "शेवटी काय येते, तूच सांग," एवढेच म्हणा. वाटेत हातचा चुकला, तरी बहुधा गाडी तिथेच पोचते. पण आठवी पायरी लागली, तर कुठेतरी चूक झालीच! ती शोधायला मास्तरांची लाल शाई लागत नाही.

थोरल्या मुलांना दोनच आकडे द्या. ७२ वजा २७, बाकी ४५. ८१ वजा १८, बाकी ६३. उत्तर नेहमी नवाच्या पाढ्यात का? अडले, तर दहाच्या सात नोटा नि रुपयाची दोन नाणी हाती द्या, आणि २७ रुपये करायला सांगा. पाच नोटांच्या जागी पाच नाणी येतील. प्रत्येक बदलात नऊ रुपये कमी!

वडीलमंडळींना मध्येच उत्तर सांगण्याची फार घाई. त्यांच्या हाती एक चकली द्यावी. ती संपेपर्यंत तरी मुलाला विचार करायला सवड मिळेल.